कासिम चार तारखेला येतो

ज्याला वादळांच्या तारखा पाठ आहेत, त्यानं त्या पाहुण्यांसमोर म्हणून दाखवू नयेत. निदान पाहुणा निवृत्त न्यायाधीश असेल, कैरोचा असेल आणि त्याच्या मुलाला आपली मुलगी द्यायची असेल, तर तोंडात भाजलेलं कणीस कोंबून गप्प बसावं. मी कणीस खातच होतो. पण मधेच एक घास गिळला गेला आणि तोंड मोकळं झालं. पुढचं सगळं त्या घासामुळे झालं.

ऑगस्टात अर्धं कैरो उठून आमच्या अलेक्झांड्रियाच्या वाळूवर येऊन बसतं आणि इथे किती गर्दी आहे म्हणून आमच्याकडेच तक्रार करतं. हातिमचे वडील, जज्जसाहेब शौकत, त्यांतलेच. हातिम आमच्या बंदरात इंजिनियर. त्याचं आणि आमच्या युम्नाचं आपापसात जमलेलं होतं. आता थोरांचं आपापसात जमायचं होतं. म्हणून सीदी बिश्रच्या चौपाटीवर एका छत्रीखाली आम्ही सगळे अंग चोरून बसलो होतो.

जज्जसाहेबांनी मान पुसली. रुमालाची चौकोनी घडी घातली. "शहर चांगलं आहे तुमचं, उस्ताझ लुत्फी. पण हवा म्हणजे हमामखाना. सकाळी घातलेला सदरा दुपारी पिळून वाळत घालावा."

दुसरा कोणी असता तर "खरं आहे, साहेब" म्हणून मोकळा झाला असता. पण गावाला नाव ठेवलं की मला राहवत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "उन्हाळा हे आमचं दुकान आहे. आमचं घर हिवाळ्यात उघडतं."

इथे जरा सांगायला हवं. आमच्याकडे हिवाळ्यातली वादळं आगाऊ नाव सांगून येतात. कोळ्यांनी कधीकाळी लावून दिलेलं वेळापत्रकच आहे ते. नोव्हेंबरच्या मध्यावर 'झाडू', जो रस्ते झाडून नेतो. चार डिसेंबरला 'कासिम'. मग 'छोटा पूर', 'मोठा पूर', आणि मार्च संपेपर्यंत असे एकेक. अलेक्झांड्रियाच्या माणसाला आपल्या साडूचं नाव आठवणार नाही, पण मोठा पूर कधी हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. त्यातून मी तर बिल्डिंगचा अधिकृत माणूस. गेली बावीस वर्षं दर ऑक्टोबरात हे वेळापत्रक सुवाच्य अक्षरात लिहून लिफ्टशेजारी चिकटवतो. गालिचे कधी धुवायचे, लोणच्याच्या बरण्या गच्चीवर कधी ठेवायच्या, हे लोक मला विचारून करतात. सल्ला चुकला तर वादळाला शिव्या देतात, मला नाही. असा मान बावीस वर्षं टिकवणं सोपं नसतं.

तर त्या मानाच्या भरात मी जज्जसाहेबांना म्हणालो, "चार डिसेंबरला या. दुपारची नमाज झाली की माझ्या गॅलरीत खुर्ची टाकून बसा. कासिम आला नाही आणि समुद्र कठड्यावरून उडी मारून रस्त्यावर उतरला नाही, तर या लुत्फीचा शब्द हा शब्दच नाही!"

इनायतनं, म्हणजे माझ्या बायकोनं, वाळूखालून अंगठ्यानं माझा पाय दाबला. ती एकतीस वर्षं दाबतेय. नेहमी एक वाक्य उशिरा.

जज्जसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. छत्तीस वर्षं खुर्चीत बसून साक्षीदारांकडे पाहिलेली नजर ती. मग म्हणाले, "उत्तम. मुलांची फातिहाही तेव्हाच वाचू. तुमच्या गॅलरीत, वादळाच्या साक्षीनं."

फातिहा वाचली की आमच्यात सोयरीक पक्की झाली. आणि ती आता कासिमच्या गळ्यात अडकली होती.

घरी येताना इनायत म्हणाली, "लोक लग्न माणसांशी बोलून ठरवतात. तू हवामानाशी ठरवून आलास."

"कासिम येतो," मी म्हणालो. "चार तारखेला येतो."

"आणि आला म्हणजे? हॉलचं छत विसरलास?"

हे मात्र मी विसरलो होतो. आमचा पाचवा मजला, वर गच्ची. वादळ आलं की आमच्या हॉलचं छत कोचाच्या बरोब्बर वर गळतं. त्या जागी आफ्रिकेच्या नकाशासारखा डाग पडला आहे आणि दर हिवाळ्यात त्यातला एखादा देश वाढतो. म्हणजे माझी अडचण अशी: मला वादळ हवं होतं, पण ते गॅलरीच्या बाहेर. छताखाली कोरडं राहून वादळ दाखवायचं, तर गच्चीवर डांबर घालणं आलं.

डांबरवाल्यानं गच्ची पाहिली आणि म्हणाला, "भेग या ढाबळीच्या खाली आहे. ढाबळ हलवा, मग बोला."

ढाबळ पहिल्या मजल्यावरच्या हाजी दसूकींची. बारा जोड्या कबुतरं. हाजींना चार मुलं आहेत, त्यांतल्या दोघांची नावं ते चुकतात. कबुतरांची एकदाही चुकलेली नाहीत.

"हलवा म्हणतोस?" हाजी म्हणाले. "लुत्फी, तिकडे तीन माद्या अंड्यांवर बसल्या आहेत. तुझी युम्ना झाली तेव्हा इनायतला कोणी दवाखान्यातून गच्चीवर हलवली होती का?"

"हाजी, मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न आहे."

सोयरीक म्हटल्यावर हाजी विरघळले. पण थोडेच. कबुतरं हलतील, पण गार वारा लागता कामा नये, मांजर फिरकता कामा नये आणि हाजींना रोज संध्याकाळी येऊन मोजता आली पाहिजेत. या सगळ्या अटींत बसणारी जागा बिल्डिंगमध्ये एकच निघाली. ती आमच्या स्वयंपाकघरामागची गॅलरी. तेव्हापासून इनायत कांदा चिरू लागली की अठ्ठेचाळीस डोळे तिच्या सुरीकडे पाहायचे.

गच्ची झाली. मग खाली राहणाऱ्या मदाम ओदेतनी गटाराची आठवण करून दिली. मदाम ओदेत चौथ्या मजल्यावर, आमच्या थेट खाली. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या बिल्डिंगच्या मधल्या चौकोनी पोकळीत उघडतात आणि त्या पोकळीतून आमच्या घरातला कुठलाही शब्द मदामच्या घरी पोचल्याशिवाय राहत नाही. त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "लुत्फी, माझ्या नवऱ्यानं, देव त्याला शांती देवो, मला पाचला घरी येईन असंसुद्धा कधी खात्रीनं सांगितलं नाही. आणि तू जज्जाला वादळ कबूल केलंस! बरं, केलंस तर केलंस. पण दारासमोरचं पावसाळी गटार तुंबलंय. जज्जाची गाडी काय होडीसारखी बांधणार आहेस?"

म्हणून मी संबंधित कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही. मला अजून याच शहरात राहायचं आहे.

"गटाराची जाळी तुंबली आहे," मी कारकुनाला म्हणालो.

"पाणी किती साचलंय?"

"अजून पाऊसच झाला नाही."

"मग तुंबली कशावरून म्हणता?"

"आत गाळ दिसतो. त्यावर गवत उगवलंय."

"गवत आमच्याकडे येत नाही. ते बागखात्याकडे." त्यानं चहा ढवळला. "पाणी साचल्याचा फोटो जोडा. मग अर्ज घेतो."

"पण मला पाऊस पडण्याआधी साफ करून हवंय."

"मग गेल्या पावसात यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन रस्त्यावर उतरली. चाळीस बादल्या ओतल्या तेव्हा फोटोत दिसण्याइतकं पाणी साचलं. हाजी दसूकी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभे राहिले आणि पूरग्रस्ताचा चेहरा केला. फोटो इतका चांगला आला की हाजींनी आपल्या घरी फ्रेम करून लावला. अर्ज मंजूर झाला. माणसं आली, गटारातला सगळा गाळ काढला आणि आमच्याच दाराशी त्याचा ढीग घालून निघाली.

"हा कोण नेणार?" मी धावत जाऊन विचारलं.

"आम्हीच. वाळला की."

"आणि वाळायच्या आत पाऊस आला तर?"

"तर वाळणार नाही."

"मग?"

"मग नेणार कसा?"

असो. नोव्हेंबरात झाडू आला. तीन दिवस उशिरा आला, पण आला. छत गळलं नाही. मी लिफ्टशेजारच्या कागदासमोर दोन मिनिटं उगाच उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "शाब्बास, उस्ताझ लुत्फी" म्हटलं आणि मी वादळ घरीच पाळत असल्यासारखा मान लववत राहिलो.

मग चार डिसेंबर उजाडला.

असा सुंदर दिवस माझ्या शत्रूवरसुद्धा येऊ नये अशी मी प्रार्थना करतो. आकाश धुतलेल्या बशीसारखं. वारा नाही. समुद्र असा सपाट की आमच्याकडे त्याला 'चटई अंथरली' म्हणतात. त्यावर एक बाई लाल टोपी घालून पोहत होती. डिसेंबरात! मी गॅलरीतून तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की इनायतनं मला आत ओढलं.

अकरा वाजता हातिमची गाडी आली. जज्जसाहेब उतरले. अंगात जाड काळा ओव्हरकोट, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात छत्री, गळ्यात दुर्बीण. फुटपाथवर एक माणूस उन्हाचे चश्मे विकत होता. तो त्यांच्याकडे आशेनं बघू लागला.

"अहलन, साहेब! पायधूळ झाडलीत!" मी म्हणालो आणि त्यांना गाळाच्या ढिगाला वळसा घालून वर नेलं.

जेवणाला इनायतनं कांदा तपकिरी होईतो परतून केलेला भात, भाजलेली बोय, तळलेली कोळंबी, माकुल आणि खेकड्याचं सार केलं होतं. अलेक्झांड्रियात पाहुण्याला मासे सोडून दुसरं काही वाढलं तर तो आपल्या गरिबीबद्दल घरी जाऊन सांगतो. जज्जसाहेब सावकाश जेवले. मग नमाज झाली. मग आम्ही सगळे गॅलरीत बसलो. ते ओव्हरकोटात, मी सदऱ्यात, युम्ना आणि हातिम दाराच्या चौकटीत. सगळे समोर बघत होतो. लाल टोपी अजून पोहतच होती.

चार वाजले. पाच वाजले. सूर्य इतका शांतपणे बुडाला की त्याच्या चित्राची कार्डं छापावीत.

जज्जसाहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. "खटला आज बोर्डावर होता," ते म्हणाले. "पक्षकार हजर झाला नाही."

मी खुर्ची मागे सारून उठलो. "साहेब, कासिमला एक दिवस इकडे-तिकडे चालतो. वल्लाही, अल्लाची शपथ घेऊन सांगतो, त्याला पाहिल्याशिवाय मी तुम्हाला या घरातून जाऊ देणार नाही!"

ते उठायला निघाले होते ते परत टेकले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमची शपथ माझ्या डोक्यावर. उद्या बसू."

फातिहाचं नाव कोणी काढलं नाही.

आमची खोली त्यांना दिली. मी हॉलमधल्या कोचावर, आफ्रिकेखाली आडवा झालो. इनायत आत युम्नाजवळ. हातिम आपल्या भाड्याच्या खोलीवर गेला. जाताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या बोटीला भोक पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक ढग आला. खरंच आला. दहाच्या सुमाराला पश्चिमेकडून, पांढरा, उशीएवढा. बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. हाजींनी खालून ओरडून सांगितलं, "येतोय! लुत्फी, येतोय!" जज्जसाहेबांनी ओव्हरकोटाची बटणं लावली. ढग आमच्या समोर आला, आमच्याकडे बघितल्यासारखा थोडा थांबला आणि पूर्वेला निघून गेला.

जेवणाला मासे होते.

तिसऱ्या दिवशी सल्ल्यांना ऊत आला. मदाम ओदेत वर येऊन म्हणाल्या, हे वेळापत्रक मुळात आमच्या कॉप्टिक ख्रिस्ती पंचांगाच्या महिन्यांवर बेतलेलं, तू ते इंग्रजी तारखांवर लिहितोस म्हणून गोंधळ होतो. त्यांनी बोटांवर मोजून कासिम परवाच होऊन गेला असं सिद्ध केलं. हाजींचं म्हणणं, वादळ यायचं असलं की कबुतरं दाणे खायचं टाकतात. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या गॅलरीत गेलो. कबुतरांनी वाटी चाटून पुसून ठेवली होती आणि आणखी मागत होती. युम्नानं मोबाईल दाखवला: पुढचे दहा दिवस कोरडं ऊन.

"मोबाईलला काय कळतंय," मी म्हणालो. "तो कधी समुद्रावर गेलाय?"

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मला बावीस वर्षं तुमच्या त्या कागदाचं कौतुक आहे. पण माझा साखरपुडा त्याच्यावर कशाला लिहिलात?" आणि ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. नळ सोडला की आत काय चाललंय ते सगळ्या घराला कळतं.

त्या कार्यालयालाही मी फोन केला. निदान गाळ तरी जावा. "वाळलाय," मी म्हणालो. "दगडासारखा वाळलाय."

"फार वाळला असेल तर उडतो," कारकून म्हणाला. "जरा ओला करून ठेवा."

जज्जसाहेब दिवसेंदिवस कमी बोलू लागले. पहिल्या दिवशी भाताची तारीफ केली, दुसऱ्या दिवशी "चांगला आहे" म्हणाले, तिसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. चौथ्या दिवशी इनायतनं माकुलांत भात भरून आणला तेव्हा त्यांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि आरोपीनं शिक्षा ऐकावी तसे चमचा उचलून खाऊ लागले. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कबुतरांकडे बघत होते. बराच वेळ. हाजी मोजायला आले ते दोनदा मोजून गेले.

मी सगळं मनात टिपत होतो. माणूस बोलत नाही म्हणजे निकाल लिहितोय. शब्द देऊन न पाळणारा बाप, त्याची मुलगी. कैरोला परत गेल्यावर हातिमला एकच वाक्य सांगितलं की काम झालं: 'ज्याच्या घरात चार तारीखसुद्धा चार तारखेला येत नाही, त्याची मुलगी आपल्याला नको.' चौथ्या रात्री मी आफ्रिकेकडे बघत देवाला म्हणालो, वादळ दे. छत गळू दे, गालिचा भिजू दे, पण दे.

पाचव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. मी बाजारातून बोय घेऊन जिन्यानं वर आलो, कारण लिफ्टशेजारी माझाच कागद दिसायचा. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरणार तोच आतून जज्जसाहेबांचा आवाज आला. मी पिशवी हातात धरून तिथेच थिजलो.

"बाईसाहेब," ते म्हणत होते, "तुम्ही मला बहिणीसारख्या. एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा ना, साहेब."

"तुमचे यजमान मला कधी सोडतील?"

कबुतरं घुमत होती.

"सोडतील?" इनायत म्हणाली. "म्हणजे काय, साहेब? तुम्हाला कोणी धरलंय?"

"त्यांनी अल्लाची शपथ घेतली आहे! मी पहिल्याच संध्याकाळी निघणार होतो. मला समुद्राची हवा सोसत नाही, गुडघे धरतात. डॉक्टरनं कोळंबी बंद केली आहे. मी पाच दिवसांत अकरा वेळा खाल्ली. पण मी उठलो तर त्या भल्या माणसाची शपथ मोडते. जन्मभर लोकांना शपथा पाळायला लावल्या, आता कोणत्या तोंडानं एकाला मोडायला लावू?"

"पण वादळ तर तुम्हालाच बघायचं होतं! फातिहा वादळाच्या साक्षीनं, म्हणालात!"

"अहो, ते शोभेचं बोलणं!" त्यांचा आवाज रडवेला झाला. "तुमचं कणीस खात होतो, यजमान त्यांच्या वादळाबद्दल इतक्या प्रेमानं बोलत होते. काहीतरी गोड बोलावं म्हणून बोललो. मला वादळाची भीती वाटते, बाईसाहेब. वीज चमकली की मी कैरोतसुद्धा पडदे ओढून बसतो. इथे यायचं म्हणून हे बूट हातिमकडून मागवले. मला वाटलं, नाही म्हटलं तर हे लोक सोयरीक मोडतील."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

दोघंही वळले. मी दारात, पायाशी दोन किलो बोय. माझ्या मानाला खरं तर तिथे जबर धक्का बसायला हवा होता: माझं वादळ कोणालाच नको होतं. पण आतून असं काही हलकं वाटलं की मला उभ्या उभ्या हसू आलं, आणि मग जज्जसाहेबांनाही आलं. ते ओट्याला धरून इतके हसले की दुर्बीण ओट्यावर आपटत राहिली.

"पण शपथेचं काय?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. जज्जगिरी काही सुटत नव्हती.

"तुम्हीच सांगा, साहेब. तुम्ही कायद्यातले."

"मोडलेल्या शपथेला प्रायश्चित्त आहे. दहा गरिबांना जेवू घालायचं. ते नाहीच जमलं तर तीन दिवस उपास."

इनायतनं एक शब्द न बोलता फ्रीज उघडला. कासिमच्या भरवशावर तिनं आठवड्याचे मासे साठवले होते. कोपऱ्यावरच्या मशिदीत त्या दुपारी दहा नव्हे, तीस माणसं जेवली.

"उपास मात्र मी माझ्या मर्जीनं करणार," जज्जसाहेब म्हणाले. "तीनच्या ऐवजी सात."

आणि मग, कोणी आणखी काही गोड बोलायच्या आत, त्यांनी दोन्ही तळवे उघडे केले. "बोलवा मुलांना."

युम्ना धावत आली, तिच्या मागे सकाळीच आलेला हातिम. स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी, बारा जोड्यांच्या साक्षीनं आम्ही फातिहा वाचली. शेवटचं आमीन म्हटलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवतो तोच मधल्या पोकळीतून खालून अशी लांबलचक, टिपेची किलकारी आली की कबुतरं फडफडली. आमच्याकडे बायका शुभकार्याला जीभ हलवून तशी किलकारी देतात. मदाम ओदेत खिडकीशीच उभ्या होत्या, पहिल्या वाक्यापासून.

निघताना एक संकट राहिलंच होतं. पाहुणा दाराबाहेर पाऊल टाकतो तेव्हा अलेक्झांड्रियाच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं आणि "वल्लाही, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही" एवढं वाक्य त्यातून बाहेर पडतं. त्याला विचार लागत नाही. माझं तोंड उघडलं. जज्जसाहेबांनी श्वास रोखला. मला स्पष्ट दिसलं. इनायतनं पाय दाबला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो वेळेवर दाबला.

"वल्लाही," मी म्हणालो, "...रस्ता मोकळा मिळो तुम्हाला."

गाडी कोपऱ्यावर वळली. माझा जीव भांड्यात पडला. मी वर आलो, गॅलरीत खुर्ची टाकली, चहा मागवला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा समुद्राकडे नुसता बघण्यासाठी बघितलं.

पश्चिमेला एक काळी रेघ होती.

मी डोळे चोळले. रेघ जाड झाली. वाऱ्यानं दिशा बदलली आणि चहावर वाळू आली. इनायत बाहेर येऊन माझ्या मागे उभी राहिली. आम्ही दोघांनी पाहिलं, पण त्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर ते कासिमनंच ऐकलं असतं.

"जहाजाचा धूर असेल," ती म्हणाली.

"मोठं जहाज दिसतंय," मी म्हणालो.

तासाभरात कासिम असा आला की त्याच्या आयुष्यात तो असा आला नसेल. समुद्र कठड्यावर चढला, कठड्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून चश्मेवाल्याच्या टपरीवर. दाराशी इतके दिवस पडलेला गाळ एका सपाट्यात होता त्या गटारात परत गेला. हॉलमध्ये कोचावर पहिला थेंब टपकला: डांबर भक्कम निघालं होतं, पण भेग दोन हात सरकली होती, आणि आफ्रिकेशेजारी मादागास्कर उमटत होतं. इनायत बादली आणायला धावली. हाजी दसूकी जिन्यानं धापा टाकत वर येत होते; कबुतरं आत घ्यायला आणि मला मिठी मारायला.

तेवढ्यात फोन वाजला. जज्जसाहेब.

"उस्ताझ लुत्फी," त्यांचा आवाज फार जपून येत होता. "आम्ही वाळवंटाच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत आहोत. इथे दोन थेंब पडले. मनात आलं... तिकडे तो आला तर नाही ना? आला असेल तर शब्द तो शब्द. हातिमला गाडी वळवायला सांगतो."

माझ्या समोर, माझ्या गॅलरीतून, बावीस वर्षांतला सगळ्यात देखणा कासिम रस्त्यावर नाचत होता. माझा शब्द खरा झाला होता. सगळ्या बिल्डिंगनं ऐकावं असा, छप्पर फोडून खरा झाला होता.

"छे, साहेब," मी म्हणालो. "कडक ऊन आहे. एक ढग नाही."

शेजारच्या खिडकीचं शटर निखळून खाली आदळलं.

"हे काय वाजलं?"

"शेजारी सामान हलवतायत."

"लुत्फी!" हाजी दारातून ओरडले. "आला रे, आला! तू म्हणालास तसाच आला!"

मी फोनवर तळवा ठेवला आणि हाजींकडे असं पाहिलं की ते अर्ध्या मिठीत थांबले.

"कोण आला?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"प्लंबर, साहेब. कधीचा बोलावला होता."

पलीकडून एक मोठा, लांब सुस्कारा आला. पाच दिवसांचा असावा. "म्हणजे या वर्षी कासिम नाहीच?"

"या वर्षी नाहीच, साहेब."

"अल्हम्दु..." देवाचे आभार मानता मानता ते थांबले. "म्हणजे, फार वाईट वाटलं हो ऐकून."

"मलाही," मी म्हणालो, आणि कपाळावरचं समुद्राचं पाणी बाहीनं पुसलं.